वादाच्या पट्टीतला चिखल

“हात कार त्या दांड्यावरचा!”

बांधावरून आलेला तो आवाज एवढा मोठा होता, की खाजणातले बगळे उडाले. चिखलाचा नमुना काढायचं माझं गिरमिट नुकतंच जमिनीला टेकलं होतं, अजून वीतभरही आत गेलं नव्हतं. मान वर करून पाहिलं तर हसुराम म्हात्रे लुंगी खोचत बांध उतरत होते. सत्तरीला आलेला माणूस, पण मी ज्या चिखलात पावलोपावली रुतत होते त्यात ते डांबरी रस्त्यावरून यावं तसे येत होते. दोनच दिवसांपूर्वी याच माणसाने मला घरी बोलावून ताडगोळे खायला घातले होते.

“काका, झालं काय?”

“काय जाला ता मंगशी सांगतो. आगोदर ता भायेर कार.”

तेवढ्यात दुसऱ्या बाजूने जोमा म्हात्रे आले. हे हसुरामकाकांचे चुलतभाऊ, वयाने दोन-तीन वर्षांनी लहान, अंगाने दुप्पट. मला वाटलं, आले माझी बाजू घ्यायला. माझ्याकडे न बघता ते गिरमिटाकडे बघत म्हणाले, “कोनाला इचारून लावलास गो?”

“चांगुणामावशी म्हणाल्या, इथे खणून बघ.”

“चांगुनाची हाय का ही पट्टी?”

“मग तुमची आहे का?” मी विचारलं. अगदी साधा, सरळ प्रश्न होता.

“हाव!” जोमाकाका म्हणाले. त्याच क्षणी हसुरामकाकाही “हाव!” म्हणाले. मग दोघांनी एकमेकांकडे पाठ फिरवली, आणि मधे मी चिखलात गुडघाभर उभी. गिरमिट बाहेर काढून खांद्यावर घेतलं आणि मुकाट्याने बांधाकडे निघाले. आयुष्यात इतकी चिडले नव्हते. एकोणीसशे त्र्याण्णवचा मे महिना होता, मी सव्वीस वर्षांची होते, आणि त्या पट्टीतला चिखल मला मिळाला नाही तर ऑगस्टात माझी पीएच.डी.ची नोंदणी रद्द होणार होती.

मी मूळची बार्शीची. समुद्र पहिल्यांदा पाहिला तो एकोणिसाव्या वर्षी, कॉलेजच्या सहलीत. तेव्हापासून त्याने डोकं धरलं ते सोडलं नाही. पुण्याला संशोधन करायला आले आणि विषय निवडला तो खाजणाच्या चिखलातून जुन्या समुद्राची उंची शोधण्याचा. ऐकणाऱ्याला हसू येतं, पण गोष्ट सोपी आहे. खाजणात, म्हणजे खाडीकाठच्या ज्या सपाट जमिनीवर भरतीचं पाणी येतं-जातं तिथे, मिठाच्या कणाएवढी कवचं असलेले जीव राहतात. काही जातींना दिवसातून दोनदा पाणी लागतं, काहींना महिन्यातल्या दोन-चार उधाणांचं पाणी पुरतं. म्हणजे जात ओळखली की ती जागा पाण्यापासून किती उंच होती ते कळतं. चिखल वर्षानुवर्षं एकावर एक साचत जातो. तो थराथराने वर काढायचा, प्रत्येक थरातली कवचं मोजायची, थराचं वय काढायचं, की समुद्र केव्हा कुठे होता ते आपल्यासमोर येतं.

माझे मार्गदर्शक नाडगौडा सर. नावाजलेला, शिस्तीचा माणूस. त्यांनी पहिल्याच दिवशी मला सांगितलं होतं, “कोकणच्या खाजणात थरांचा क्रम टिकत नाही. हे मी छापून टाकलेलं आहे. दुसरा विषय घ्या.” मी घेतला नाही. आमच्याकडे हट्टाला घरातले सगळे घाबरतात, सर घाबरले नाहीत. “करा तर मग,” म्हणाले, आणि पुढची दोन वर्षं माझ्या प्रत्येक अहवालावर लाल शाईने नांगर फिरवत राहिले.

आदल्या डिसेंबरात मी अलिबागकडच्या या खाडीत येऊन तीन ठिकाणी गिरमिट लावलं होतं. मार्चमध्ये त्या चिखलाची वयं आली. हातभर खोलीवरचा चिखल अकराशे वर्षांचा, आणि त्याच्याखाली दीड हातावरचा जेमतेम चाळीस वर्षांचा! तीनही ठिकाणी तोच गोंधळ. सरांनी कागद टेबलावर ठेवला. “झाडबुके, तुमच्या खाजणात नातू आधी जन्मतो आणि आजा नंतर.” विभागातली पोरं महिनाभर मला “आजा कसा आहे?” म्हणून विचारत होती. ऑगस्टच्या समितीपुढे काही धड दाखवलं नाही तर नोंदणी संपली, असं सरांनी स्पष्ट सांगितलं. गिरमिट मात्र शेवटचं म्हणून दिलं, शनिवारपर्यंत परत करायच्या अटीवर.

मला खात्री होती की वयं काढणाऱ्या प्रयोगशाळेनेच घोळ घातला आहे. त्यांना लिहायचं कडक पत्र मी चांगुणामावशींच्या पडवीत बसून खरडत होते. मावशी विधवा, पन्नाशीच्या, खाडीत चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, पकडून विकायच्या. मी त्यांच्याकडेच उतरले होते. त्यांनी चिंबोऱ्यांच्या नांग्या मोडता मोडता विचारलं, “कवरी लिवतस गो? कोनावर रागवलीस?”

मी सगळं सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, “खनलास कंच्या जागेवर?”

“उघाडीसमोर. चांगली सपाट, झुडपं नसलेली जागा बघून.” उघाडी म्हणजे बांधातलं दार, ज्यातून शेतातलं पाणी ओहोटीला बाहेर सोडतात.

मावशींनी चिंबोरी खाली ठेवली आणि अशा हसायला लागल्या की त्यांना ठसका लागला. मी पाणी आणून दिलं, तरी हसतच होत्या. “अगो, ती तं जोलाची खान! आमी खनलेला खड्डा तू परत खनलास!”

मग त्यांनी सांगितलं ते असं. गावाची भातशेती समुद्राच्या पाण्यापासून वाचवणारा बांध गाव मिळून राखतं. त्याला म्हणतात जोळ. उधाणाने बांध फुटला, खांड पडली, की घरटी एक माणूस कुदळ घेऊन येतो आणि समोरच्या खाजणातला चिखल कापून खांड बुजवतात. प्रत्येक घराचा बांधाचा तुकडा ठरलेला, आणि चिखल काढायची समोरची पट्टीही ठरलेली. नवा खड्डा खोदताना तळाची कडक डिखळं निघतात. ती बांधाला चालत नाहीत, म्हणून शेजारच्या जुन्या, गाळाने भरत आलेल्या खड्ड्याच्या तोंडावर टाकून देतात. दोन-तीन पावसाळ्यांत सगळं सपाट होतं. म्हणजे खाली कालचा गाळ आणि वर हजार वर्षांपूर्वीची डिखळं! नातू खाली आणि आजा वर. प्रयोगशाळेचं काही चुकलं नव्हतं. सपाट दिसते म्हणून मी नेमकी तीच जागा तीन वेळा शोधून काढली होती. मला रडू आलं आणि हसूही आलं. पत्र फाडून चुलीत टाकलं.

“मावशी, जिथे कुणीच कधी कुदळ लावली नाही अशी जागा आहे का?”

मावशींनी खाली ठेवलेली चिंबोरी पुन्हा हातात घेतली. “हाय एक,” म्हणाल्या. “वादाची पट्टी. तिवराच्या झुरपांच्या पलीकरं. पन संबालून जा.”

संभाळून म्हणजे चिखलात पाय संभाळून, असं मला वाटलं.

गिरमिट खांद्यावर घेऊन मी परत आले तेव्हा मावशींनी माझा चेहरा बघूनच ओळखलं. “दोगं आलं ना?”

हसुराम आणि जोमा यांच्या आज्यांच्या वेळची गोष्ट. नव्वदेक वर्षांपूर्वी मोठं उधाण आलं, दोन सख्ख्या भावांच्या तुकड्यांमध्ये खांड पडली आणि हद्दीचा खुंट वाहून गेला. समोरची पट्टी कुणाची, यावरून भाऊ भांडले. पंचांनी बजावलं, की निवाडा होईपर्यंत कुणीही तिथे कुदळ लावायची नाही. ज्याची कुदळ आधी लागेल त्याने पट्टी बळकावली असं धरलं जाईल. निवाडा काही झाला नाही. पंच मेले, भाऊ मेले, त्यांची मुलं मेली. नातवांनी भांडण मात्र जपून ठेवलं होतं. बांध फुटला की दोघेही खाडीपलीकडून होडीने चिखल आणत, पण समोरच्या पट्टीला हात लावत नसत. एकमेकांशी बोलणंही बंद. काही निरोप असला तर मावशींच्या मार्फत.

“मग परवानगी कुणाकडे मागू?”

“कोनाकरं मागशील? हसुरामनं हाव बोल्ला तं पट्टी त्याची जाली. जोमानं बोल्ला तं त्याची. म्हनून कोनी हाव बोलनार नाय नि कोनी बोलू देनार नाय.”

मी डोक्याला हात लावला. गुरुवार दुपार होती. शनिवारी सकाळच्या एसटीने निघायचं होतं. भांगाचे दिवस संपत आले होते, म्हणजे पाणी कमी चढण्याचे. परवापासून उधाणाचं पाणी रोज त्या पट्टीवर येणार होतं, आणि पुढच्या भांगापर्यंत पावसाळा दारात. माझ्या हातात फक्त शुक्रवार होता.

संध्याकाळी मावशी बाजाराला गेल्या असताना हसुरामकाका आले. पडवीच्या कडेला बसले, मुलीची चौकशी करावी तशी माझ्या आई-वडिलांची चौकशी केली. मग बंडीच्या खिशातून घडी केलेला कागद काढला. मास्तरांकडून लिहून आणला होता. ‘श्री. हसुराम म्हात्रे यांच्या मालकीच्या पट्टीत त्यांच्या परवानगीने खोदकाम केले.’ खाली माझ्या सहीची जागा.

“सही कर, नि उद्या पायजे तवरा खन. कोन आडवा येतो ता मी बगतो.”

“विचार करून सांगते, काका.”

ते गेले आणि अर्ध्या तासात मागच्या दाराने जोमाकाका आले. त्यांनीही आई-वडिलांची चौकशी केली. त्यांच्या बंडीतूनही कागद निघाला. मास्तर तोच, अक्षर तेच, मजकूर तोच, फक्त नाव वेगळं.

दोन्ही कागद समोर ठेवून मी एकटीच बसले. खोटं कशाला सांगू, पेनाचं टोपण मी उघडलं होतं. एक सही, आणि उद्या चिखल माझा. मी परवा पुण्याला जाणार, पुन्हा या गावात पाऊल टाकायचीही गरज नव्हती. हसुरामकाकांचा कागद जवळ ओढलाही. तेवढ्यात मावशी आल्या. त्यांना वाचता येत नव्हतं, पण दोन घड्या केलेले दोन कागद बघून त्यांना सगळं समजलं.

“आलते काय दोगं?” त्या पदराने घाम पुसत म्हणाल्या. “बग बाय, तुजी सही हाय. पन तू जाशील नि मी हितंच रानार. तुज्या कागदावर ही दोगं डोकी फोरतील.”

मी टोपण लावलं. पण राग आतल्या आत उकळत होता, तो कुणावर काढायचा ते कळत नव्हतं.

शुक्रवारी सकाळी सातला मी मावशींना म्हटलं, “दोघांनाही बोलवा. पट्टीवर. मी गिरमिट आणते आहे, पण लावणार नाही असं सांगा.”

दोघे आले. वीस पावलांचं अंतर ठेवून उभे राहिले. मावशी मधे, मी पट्टीच्या कडेला. ऊन तापायला लागलं होतं. मी काय बोलणार ते रात्री घोकून ठेवलं होतं, गोड शब्दांत, विनवणीचं. ते सगळं विसरले आणि भलतंच बोलून गेले.

“मी तुमचे दोघांचे आभार मानायला आले आहे,” मी म्हटलं. “तुमच्या भांडणाचे.”

हसुरामकाकांनी भुवया उंचावल्या.

“या गावात शहाणी, समजूतदार माणसं पुष्कळ आहेत. त्यांनी सगळी खाजण खणून, उपसून, वरचं खाली आणि खालचं वर करून ठेवली आहे. मी तीन वेळा त्या शहाणपणात गिरमिट घातलं आणि पुण्यात माझं हसं झालं. अख्ख्या खाडीत ही एकच पट्टी शिल्लक आहे, जिथला चिखल जसा साचला तसाच आहे. नव्वद वर्षं उन्हापावसात होडीने पलीकडून चिखल आणलात, पण इथे कुदळ लावली नाहीत. तुमच्या आज्यांनी नाही, बापांनी नाही, तुम्ही नाही. कुठलं सरकार एवढी राखण करतं? या चिखलात दोन हजार वर्षांचा समुद्र जागच्या जागी बसला असेल. तो तुम्ही दोघांनी राखलात. तेवढ्यासाठी आले होते. आता मी जाते, नोंदणी रद्द होईल ती होईल.”

आणि मला हुंदका आला. आणायचा नव्हता, आलाच.

त्या भांडणाबद्दल आजवर गावाने त्यांना शिव्याच दिल्या होत्या. आभार मानणारी मी पहिलीच असणार. जोमाकाका मावशींना म्हणाले, “त्याला इचार, दोन हजार वरसं बोल्ली का ती?”

“त्याला सांग, हाव,” हसुरामकाका म्हणाले. “कान फुटलं का त्याचं?”

मी डोळे पुसले, दोघांनाही जवळ बोलावलं आणि पिशवीतले दोन्ही कागद काढले. “आणि हे तुमचे तुम्हाला परत. मी सही केलेली नाही.” एक यांच्या हातात दिला, एक त्यांच्या.

दोघांनी आपापला कागद पाहिला. मग मान वळवून दुसऱ्याच्या हातातला पाहिला. तोच पिवळट कागद, तेच मास्तरांचं अक्षर. जोमाकाकांचा चेहरा लाल झाला आणि ते सरळ हसुरामकाकांवर ओरडले, “तूपन गेलतास?”

“तू नाय गेलास?” हसुरामकाका तितक्याच जोरात म्हणाले. “नि मागल्या दारानं?”

“तुना कोनी सांगला मागल्या दारानं?”

“तू ल्हानपनापासून मागल्या दारानंच जातंस!”

मावशींनी तोंडावर पदर धरला. बावीस वर्षांनी, त्यांनी मला नंतर सांगितलं, बावीस वर्षांनी ते दोघे एकमेकांशी थेट बोलले होते. आणि एकदा बोलायला लागल्यावर थांबेनात. मास्तरांनी दोघांनाही एकच मजकूर दिला यावरून आधी मास्तरांचा उद्धार झाला, मग एकमेकांचा, मग जोमाकाकांना हसू फुटलं. हसुरामकाका हसले नाहीत, पण त्यांच्या मिशा हलल्या.

“बरा, आता खनायचा का नाय?” मावशी म्हणाल्या. “ऊन डोक्यावर आला.”

दोघे पुन्हा गंभीर झाले. “पयला हात कोनाचा?” हसुरामकाकांनी विचारलं. वाद पुन्हा जिथल्या तिथे आला.

मावशींनी माझ्या हातातलं गिरमिट ओढून घेतलं आणि उभं धरलं. लांब लोखंडी दांडा, खाली मीटरभर लांबीची अर्धगोल पन्हळ, आणि वर आडवी मूठ. “या मुठीला टोकं किती?” त्या ओरडल्या. “डोलं हायत ना? एक त्यानं धर, एक तू धर. मी तीन बोल्ली की दोगांनी दाबा. पयला नाय नि दुसरा नाय.”

दोघांनी मुठीकडे पाहिलं. जोमाकाका पुढे आले. हसुरामकाका पुढे आले. एकाने डावं टोक धरलं, दुसऱ्याने उजवं. मावशींनी मोजलं, “येक, दोन, तीन!” आणि गिरमिट आत गेलं.

पहिला मीटर सहज गेला. वर काढून तो चिखल उभ्या चिरलेल्या प्लॅस्टिकच्या नळीत अलगद सरकवला. दुसऱ्या दांड्याची जोडणी करून दुसरा मीटर गेला. तिसरा अडला. खालचा चिखल घट्ट, निळसर, काही केल्या सोडेना. दोघांनी मुठीखाली खांदे लावले. “मी बोलतो तवा,” हसुरामकाका म्हणाले. “तू कनाला? मी बोलतो,” जोमाकाका म्हणाले. मग दोघांनी एकदमच “हेऽ हाप्!” केलं आणि चिखलाने मोठा आवाज करत गिरमिट सोडलं. दोघेही मागे पडले, एकाच्या अंगावर एक, नखशिखांत चिखलाने माखलेले.

मी पन्हळीकडे धावले, तिसरा मीटरही नळीत घेतला आणि तिन्ही नळ्या ओळीने मांडल्या. सुरीने वरची साय खरवडली आणि श्वास धरून पाहिलं. रेषा! एकाखाली एक, सरळ, न मोडलेल्या. वर करडा, मुळांनी भरलेला चिखल, मग तपकिरी, मग काळा, शिंपल्यांची एक पातळ ओळ, खाली निळसर. कुठे डिखळ नाही, कुठे उलथापालथ नाही. मी चिखलातच उड्या मारायला लागले. मला सगळं जग आपलं वाटत होतं.

“काय दिसला गो?” जोमाकाकांनी बसल्या जागेवरून विचारलं.

मी पहिल्या नळीत वरून वीतभर मोजून बोट ठेवलं. “अंदाजाने सांगते, पण तुमचे आजे भांडले ते इथे कुठेतरी.”

दोघे वाकून बघायला लागले. एवढ्याशा वीतभर चिखलात आपलं सगळं भांडण मावलं हे त्यांना पटेना. “नि याच्या खाली?” हसुरामकाकांनी विचारलं. “तवा कोनाची होती पट्टी?”

“समुद्राची.”

“त्याचा काय कागद नसल,” जोमाकाका म्हणाले, आणि या वेळी हसुरामकाकाही हसले.

शनिवारच्या एसटीत नळ्या मी मांडीवर आडव्या घेऊन बसले. पेणच्या स्टॅंडवर कंडक्टरने “लगेजचं तिकीट काढा” म्हणून हुज्जत घातली, तर मी आनंदाने काढलं. जून-जुलै दोन महिने सूक्ष्मदर्शकावर वाकून काढले. दर दोन सेंटिमीटरला कवचं मोजली, साडेनऊ हजारांच्या वर. जाती अगदी क्रमाने बदलत होत्या. पण वयं आल्याशिवाय त्या मोजणीला काही अर्थ नव्हता, आणि या वेळी वयं उलटी आली असती तर सांगायला खड्डासुद्धा नव्हता.

ऑगस्टच्या सहा तारखेला पाकीट आलं. विभागाच्या दारातच फोडलं. वीतभर खाली, सुमारे शंभर वर्षं. मीटरवर, सातशे. तळाशी, दोन हजार दीडशे. आजा खाली, नातू वर, सगळं घराणं आपापल्या जागी! मी अशी किंचाळले की शिपाई कुणी पडलं का बघायला धावत आला. त्यालाच पेढे आणायला पिटाळलं आणि न ठोठावता सरांच्या खोलीत शिरले.

सरांनी आकडे वाचले. आलेख मागितला, तो वाचला. सूक्ष्मदर्शकाखालच्या काचा मागितल्या, त्या एकेक करून पाहिल्या. तास गेला असेल. मी उभीच. मग त्यांनी विचारलं, “डिसेंबरच्या जागांचं काय झालं होतं?”

मी जोळाचं सांगितलं. खांड, कुदळी, तळाची डिखळं जुन्या खड्ड्याच्या तोंडावर टाकायची रीत. सर चष्मा काढून ऐकत होते. मधेच त्यांनी मला थांबवलं. “उघाडीसमोरची सपाट जागा? बांधापासून साधारण चाळीस पावलं?”

“हो. पण तुम्हाला कसं...”

सर उठले. लोखंडी कपाटाच्या खालच्या कप्प्यातून त्यांनी एक फाइल काढली आणि माझ्यासमोर उघडली. प्रयोगशाळेचं एकोणीसशे बाहत्तर सालचं पत्र होतं. खाडी तीच, गाव तेच. तीन नमुने, सहा वयं. वर हजार वर्षांचं, खाली पन्नास वर्षांचं.

“चौतीस वर्षांचा होतो,” सर म्हणाले. “मलाही हाच विषय करायचा होता. मी प्रयोगशाळेशी भांडलो, त्यांनी पुन्हा तपासून दिलं, तेच आलं. मग खाजणालाच दोष दिला. क्रम टिकत नाही असं छापून टाकलं आणि हिमालयातल्या दगडांकडे वळलो. एकवीस वर्षं प्रत्येक विद्यार्थी माझं ते वाक्य उद्धृत करतो आहे. तुम्हीसुद्धा केलं आहेत, पान चारवर.” ते खुर्चीत बसले. “गावात कुणाला विचारावं, हे मला सुचलंच नाही. म्हणजे मीही खड्डाच खणला होता?”

“हो, सर.”

मला वाटलं होतं, जिंकल्यावर त्यांच्या डोळ्यांत बघून काहीतरी सणसणीत बोलेन. दोन वर्षं त्याची तयारी केली होती. पण सर हसायला लागले, अगदी गदगदून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, आणि मलाही हसू आवरेना. पेढे घेऊन आलेला शिपाई आमच्याकडे बघतच राहिला. सरांनी एकदम तीन पेढे खाल्ले, डॉक्टरांनी मना केलेले.

मग त्यांनी समितीला द्यायचा प्रगतीचा अर्ज ओढला आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहून माझ्याकडे सरकवला. ‘विद्यार्थिनीने मार्गदर्शकाची एकवीस वर्षांची चूक शोधून काढली आहे. काम चालू ठेवावे.’

विभागप्रमुखांनी तो कागद दोनदा वाचला. समितीपुढे असा शेरा जाणं बरं दिसणार नाही, थोडा सौम्य करता येईल का, असं त्यांनी विचारलं.

“नाही,” नाडगौडा सर म्हणाले.